शशी गजभियेचा स्वे बार

मेलबर्नजवळच्या आमच्या ट्रुगानिनात शनिवारी सकाळी एक जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार दिसली आणि ड्रायव्हरशेजारी बासमती तांदळाच्या पिशव्या सीटबेल्ट लावून बसलेल्या दिसल्या, तर दचकू नका. चालवणारा आमचा शशी गजभिये. पिशव्या म्हणजे त्याची बायको रंजना. म्हणजे तिचं वजन.

शशी आणि मी युनिव्हर्सिटीपासूनचे मित्र, आता शेजारी. मूळचा नागपूरचा, इथे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनिअर. गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि सकाळी त्याच्यापेक्षा जास्त खोकते. पूर्वी दर रविवारी दोघं तिच्यातून समुद्राकडे जायची. रंजना डोक्याला स्कार्फ बांधायची आणि मांडीवर पोह्यांचा डबा धरून बसायची. गेल्या वर्षी तिच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तिला चक्कर यायला लागली. घरच्या मोठ्या गाडीत ती डोळे मिटून कशीबशी बसते. लाल गाडीत मात्र दुसऱ्याच वळणावर तिने शशीला थांबवलं.

"वळणावर ही केवढी कलते रे! मी नाही बसणार आता यात," ती म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने डॉक्टर बदलला असता. शशीने स्वे बार बदलायला घेतला.

स्वे बार म्हणजे गाडीच्या पोटाखालून डाव्या चाकाला उजव्याशी जोडणारी पोलादी दांडी. वळणावर गाडी कलायला लागली की ही दांडी स्वतः पीळ खाते आणि गाडीला आवरते. दांडी जाड घेतली तर गाडी कमी कलते, पण मग एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकालाही भोगावा लागतो. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. एवढंही कळतं, ते शशीने मला कुंपणावरून, बार्बेक्यूपाशी आणि एकदा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये समजावलं म्हणून.

"मुद्दा कलण्याचा आहे, मंदार," हे त्याचं पालुपद. बुद्धपौर्णिमेच्या जेवणात लोक खीर वाढून घेत होते आणि हा वाटी तिरकी करून एकेकाला खिरीची पातळी दाखवत होता. खीर एका काकूंच्या पांढऱ्या साडीवर सांडली. "बघा, हाच बॉडी रोल," तो म्हणाला. काकू अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या ग्लेनने त्याला सल्ला दिला होता, "गो द ट्वेंटीफोर, मेट. नो वरीज." ग्लेनला जोरात जायचं असतं. शशी पन्नासच्या वर जात नाही, पण त्याने चोवीस मिलिमीटरचा बार आणला. मग वीसचा, मग बावीसचा. एक लावायचा, फिरून यायचं, काढायचा, दुसरा लावायचा. शेजारची सीट रिकामी ठेवली तर हिशेब चुकतो, म्हणून तांदूळ.

रंजनाने एकदा खिडकीत वाकून बघितलं.

"मी म्हणजे तीन पिशव्या?"

"वीस-वीस किलोच्या."

"आणि ही वरची छोटी?"

"ती... सेफ्टी मार्जिन."

त्या संध्याकाळी सेफ्टी मार्जिनची खिचडी झाली.

चोवीसवाल्याने गाडी अजिबात कलेना, पण स्पीड हंपवर एक पिशवी फाटली आणि मॅटखालून कितीतरी दिवस बासमती निघत राहिला. वीसवाला फारच मऊ. अखेर बावीसचा बार आणि तो धरून ठेवणारे जरा नरम रबरी बुश, असं ठरलं. ठरेपर्यंत उन्हाळा जाऊन हिवाळा आला होता. मधे मी विचारलं होतं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"थांब ना बे, मागच्या चाकांच्या बारचं अजून राहिलंय," तो म्हणाला.

एका रविवारी रंजना तयार झाली. स्कार्फ बांधला, बसली, माझ्याकडे बघून हातही हलवला. कोपऱ्यावर गाडी वळली ती अगदी सपाट. मला उगाचच अभिमान वाटला.

थोड्याच वेळात शशीचा फोन आला. "मंदार, गाडी राऊंडअबाउटपाशी उभी आहे. घरी आणशील? आम्ही चालत येतोय."

दोघं मला वाटेतच भेटली. रंजनाने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला होता आणि नजर जमिनीवर ठेवली होती. काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा शशी पाऊल टाकत होता. त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

मी मुद्दाम त्या राऊंडअबाउटला तीन फेऱ्या मारल्या. गाडी रुळावरून चालल्यासारखी फिरली. परत आलो तेव्हा शशी गॅरेजच्या पायरीवर बसला होता.

"कलली?" त्याने विचारलं.

"कलण्याचं नाव नको! एकदम सपाट. जिंकलास तू."

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्याने नुसतं गाडीकडे बघितलं.

"म्हणजे गाडीचं नव्हतंच ते," तो म्हणाला.

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उठू नकोस, रंजू!" शशी ओरडला. "एकटी उठू नकोस, मी आलो!" आणि पायातले बूट न काढता तो आत धावला.