तात्यांच्या काळजाची तक्रार

आमचे रामातात्या शिवी देण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढतात, करवंटीखाली झाकतात आणि मगच तोंड उघडतात. त्यांच्या मुलाने पुण्याहून पाठवलेलं हे घड्याळ फक्त नाडी मोजतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते मलाच विचारतात, "नाडी ऐकनारा शिवी ऐकनार न्हाय?"

साठी उलटली तरी तात्या श्रीवर्धनातल्या लोकांच्या वाड्यांमध्ये, म्हणजे बागांमध्ये, पोफळीवर चढून सुपारी काढायचे. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरायची, खाली उतरायचं नाही. "तात्या, जपून," म्हटलं की वरून उत्तर यायचं, "काळीज माझा हाय, तुझा न्हाय."

त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून मुलाने मला फोनवर सांगत घड्याळ माझ्या फोनला जोडून घेतलं. आकडे फक्त त्याला कळवायचे, एवढंच माझं काम. मी शेजारी, त्यातून निवृत्त पोस्टमास्तर. नोकरीत कुणाचं पाकीट कधी उजेडात धरून पाहिलं नाही. तात्यांचं काळीज मात्र रोज सकाळी चहाच्या टपरीवर उघडून वाचलं. रात्री किती वेळा उठले, कधी ठोका चुकला. लोक हसायचे, मला चेव यायचा.

चुकलेला ठोका वाडीवाल्यांनीही ऐकला. म्हातारा वरून पडला तर निस्तरणार कोण? एकेकाने बोलावणं बंद केलं. त्या हंगामात तात्या एकदाही पोफळीवर चढले नाहीत.

तात्या पेटले. घड्याळाच्या कंपनीने आपलं काळीज चोरून गावभर वाटलं, असं त्यांचं म्हणणं. गाव अजूनही तेच म्हणतं. ते खोटं आहे, म्हणून हे लिहितोय. दर रविवारी तात्या मला ओटीवर बसवून कंपनीला तक्रार सांगायचे. "लिवा, मेल्यांनो, तुमच्या बापाची नाडी विका." मी वळणदार अक्षरात 'महोदय' लिहायचो. चोर मी, तक्रार लिहिणाराही मीच, आणि वर त्यांचाच चहा प्यायचो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकरा पत्रं झाली. बाराव्या रविवारी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"पयल्या पत्राआधीच ठाव होता," तात्या म्हणाले. "फोन तुमच्याकडं. दुसरा कोन सांगनार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी परत आला असता?" ते चिडूनच म्हणाले. "पोरगा तुमाला फोन करून माझी नाडी इचारतो, हिकडं येत न्हाय. वाडीवाले बोलवीत न्हाय. रविवारचा तेवढा कोनतरी ओटीवर बसायचा."

मी उठायला लागलो. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"बसा, मास्तर. ह्या पत्रात कंपनी नको. तुमचा नाव घाला."