न धुतलेल्या टाकीच्या सत्काराची बखर

गणेशास नमन, शारदेस नमन, आणि ज्या कार्यालयाच्या परवानगीवाचून नमनास उभेही राहता येत नाही, त्या कार्यालयास त्रिवार नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी जे घडले ते येथे लिहिले आहे. ते समयी एक विद्येचे राज्य होते. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे म्हणून लिहीत नाही, आणि आज्ञा कोणाची तेही लिहू नये ऐसी दुसरी आज्ञा आहे. राज्य बहुत संपन्न. मोठी कमान, त्यावर सोनेरी अक्षरांत 'निर्भय व्हा' ऐसे लिहिलेले, आणि त्याच कमानीखाली लाल अक्षरांत 'येथे उभे राहू नये' ऐसेही लिहिलेले. गादीवर श्रीमंत प्राचार्य धुंडिराजसाहेब विराजमान होते. साहेब स्वभावे वाईट नव्हते, हे प्रथमच सांगून ठेवतो. परंतु त्यांस दोन गोष्टींचा सोस होता. एक शांततेचा, आणि दुसरा सत्काराचा. सत्काराच्या शाली कपाटात मावेनात, तेव्हा दालनाच्या खिडक्यांस पडदे म्हणून लाविल्या, आणि नारळ इतके जमले की उपप्राचार्य राजोपाध्ये यांचे घरी वर्षभर खोबरे विकत आणणे पडले नाही. आम्ही त्या राज्याचे मीठ खाल्ले. पाणी मात्र घरून नेत असू.

कारण ऐसे की मुलींच्या वसतिगृहाचे माथ्यावर पाण्याची एक थोर टाकी होती, आणि ती कोण्या काळी धुतली होती हे कोणासच आठवत नव्हते. त्या टाकीचे पाणी पिऊन मुली आजारी पडू लागल्या, आणि मग निकिता लोंढे म्हणून एक मुलगी, स्वभावे हसरी, हिला कावीळ जाहली आणि ती इस्पितळात पडली. तिच्या खोलीत राहणारी तनुजा वाघचौरे. ती रोज इस्पितळात जाई, निकिताचे पिवळे डोळे पाही, आणि परत येऊन त्याच टाकीच्या नळाखाली बादली लावी. एके दिवशी तिला ते सोसवेना. मग ती चिंचेखाली पारावर चढली आणि वसतिगृहाच्या पाचपंचवीस मुली भोवती जमल्या, आणि तनुजाने एवढेच विचारिले की, "टाकी शेवटची कधी धुतली, ते सर आम्हाला सांगतील का? निकिताला काही झालं तर कुणाला विचारायचं?" शिव्या नव्हत्या, घोषणा नव्हत्या, दगड तर नव्हतेच. परंतु प्रश्न होता. तो खिडकीतून, शालींच्या पडद्यातून, साहेबांचे कानी गेला, आणि राज्यावर मोठे संकट आले.

मग साहेबांनी राजोपाध्ये यांस पाचारण केले आणि दोघांनी मिळून सभाबंदोबस्ताचे नियम तयार केले, ते येणेप्रमाणे. चारांहून अधिक माणसे एके ठिकाणी उभी राहिल्यास ती सभा समजावी. सभेस आठवडाभर आधी परवानगी मागावी. काय बोलणार ते आधी लिहून द्यावे, आणि जे लिहून दिले तेच बोलावे. आणि कोणी म्हणू नये की राज्यात बोलण्यास जागा नाही, म्हणून सायकलतळामागे, जनरेटरच्या शेजारी, 'मुक्तविचार कट्टा' बांधिला, त्यास फीत लाविली, साहेबांनी ती कापिली, टाळ्या जाहल्या, आणि त्यावर कोणी बसू नये म्हणून लागलीच साखळी घातली. नियमांचा अंमलही कसून जाहला. कबड्डीच्या संघास पहारेकऱ्याने मैदानावरून हाकलिले, कारण सात जण एके ठिकाणी दम धरून उभे होते. इतिहासाचे एक अध्यापक साहेबांचे दालनात येऊन विचारते जाहले की वर्गात समोर साठ मुले बसली आहेत, तरी शिकवावे किंवा कसे. त्यांस उत्तर मिळाले की मुले बसलेली असल्यास हरकत नाही, परंतु त्यांनी प्रश्न विचारल्यास ती सभा होईल. अध्यापकांस हा नियम बहुत आवडला.

आणि तनुजेस, ती नियमांच्या आधीच बोलली होती तरी, हुकूम जाहला की तिने विनापरवाना सभा भरविली, टाकीची बदनामी केली, सबब तिला वार्षिक परीक्षेस बसू देऊ नये. त्यातूनही साहेब दयाळू. त्यांनी मार्ग ठेविला की, 'वसतिगृहाचे पाणी उत्तम आहे, मी बोलले ते खोटे बोलले,' ऐसे सही करून द्यावे म्हणजे परीक्षा मोकळी होईल. तनुजेचे वडील एस्टीत वाहक होते, ते रजा टाकून आले आणि कमानीखाली लेकीस म्हणाले, "पोरी, सही करून टाक. वर्ष वाया जातंय. पाण्यापायी एवढं कुणी करतं का?" ती म्हणाली, "पप्पा, निकिता सलाइनवर आहे. मी पाणी चांगलंय असं लिहून देऊ?" बाप कमानीवरील सोनेरी अक्षरे वाचू लागला. तो बराच वेळ उभा राहिला आणि पहारेकऱ्याने त्यास लाल अक्षरे दाखविली, तेव्हा निघून गेला. आम्हांस त्या माणसाचे फार वाईट वाटले.

आता त्या नियमांत एक फट होती, आणि ती साहेबांनी आपल्याच हाते ठेविली होती. नियमांचे शेवटी त्यांनी लिहिले होते की, 'सत्कार समारंभास वरील काहीही लागू नाही, कारण सत्कार हे भाषण नव्हे, ती संस्कृती होय.' ही गोष्ट समीर तांबोळी याचे ध्यानी आली. हा समीर राज्यातील प्रत्येक समारंभाचा सूत्रसंचालक. पाहुणा कोणीही असो, त्यास 'ज्यांच्या आगमनाने ही वास्तू पावन झाली' म्हणण्याचे काम त्याजकडे असे, आणि ते तो झोपेतही करील ऐसी ख्याती होती. तो तनुजेस कँटीनात गाठून म्हणाला, "आपण सरांचा सत्कार करू."

"डोकं फिरलंय का तुझं? कशाबद्दल?"

"टाकी धुतल्याबद्दल."

"अरे, धुतली कुठे?"

"म्हणून तर करायचा. शाल घेताना 'मी धुतली नाही' म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

तनुजा हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मग शाल तू घाल. पाणी मी देते."

मग निमंत्रणपत्रिका छापिली. सोनेरी किनार, मध्ये साहेबांची तसबीर, आणि खाली, 'मुलींच्या वसतिगृहाची टाकी स्वच्छ केल्याबद्दल प्राचार्यांचा कृतज्ञता सत्कार.' ती साहेबांचे मेजावर ठेविली तेव्हा राजोपाध्ये दचकले आणि दार लावून बोलते जाहले, "सर, टाकी आपण धुतलेली नाही." साहेब तसबिरीकडे पाहत होते. ते म्हणाले, "नक्की?" राजोपाध्ये म्हणाले, "नक्की. परंतु अजून दोन दिवस आहेत, माणसे लावून धुऊन घेऊ." तेव्हा साहेबांनी जे उत्तर दिले ते राज्यकारभार शिकणाऱ्यांनी पाठ करावे. साहेब म्हणाले, "आता माणसे टाकीवर चढली तर सगळे पाहतील. म्हणजे आजवर धुतली नव्हती हे आपणच सिद्ध केल्यासारखे होईल. सत्कार होऊ द्या, मग सावकाश धुऊ." आणि इतक्यावर न थांबता, आपला सत्कार थोरांनी पाहावा म्हणून, साहेबांनी संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांस आपण होऊन प्रमुख पाहुणे म्हणून बोलाविले. बुद्धी फिरते ती अशी, आणि फिरताना मोठी रुबाबात फिरते.

समारंभाचे दिवशी पटांगण भरले. महिन्यात प्रथमच इतकी माणसे एके ठिकाणी उभी राहिली आणि पहारेकऱ्यास काही करता येईना, तेव्हा तोही एक खुर्ची ओढून बसला. मंचावर साहेब, भाऊसाहेब आणि राजोपाध्ये, आणि समीर ध्वनिक्षेपकापाशी. समीरने वास्तू पावन केली, टाकीस गंगेची उपमा दिली, साहेबांस भगीरथ केले, आणि भाऊसाहेब मान डोलावू लागले. मग शाल जाहली, नारळ जाहला, हार जाहला. मग समीर म्हणाला, "ज्या टाकीमुळे हा सुदिन आला, त्या टाकीचं पाणी देऊन मुलींतर्फे सरांचं स्वागत होईल," आणि सत्कारास सूट असली तरी मंचावर पाचवे माणूस होऊ नये म्हणून स्वतः खाली उतरला. ध्वनिक्षेपक मात्र चालूच ठेविला. आणि तनुजा तांब्या आणि पेला घेऊन वर गेली.

तिने पेला भरिला. पाण्यात काही तरंगत होते ते पहिल्या रांगेपर्यंत दिसले. ती साहेबांसमोर वाकून अदबीने म्हणाली, "सर, आपल्या टाकीचं आहे. सकाळीच भरलं. घ्या." साहेबांनी पेल्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आज माझा निर्जळी उपवास आहे." आम्ही पंचांग पाहिले आहे, त्या दिवशी तृतीया होती, आणि साहेबांनी सकाळी दोन वडे खाल्ले होते. मग तिने पेला भाऊसाहेबांपुढे धरिला. भाऊसाहेब म्हणाले, "मला डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय." ती म्हणाली, "बाहेरचं नाही साहेब, आपल्याच संस्थेचं आहे." भाऊसाहेबांनी खुर्ची मागे सरकविली. मग ती राजोपाध्ये यांजकडे वळली, परंतु त्यांस त्याच क्षणी महत्त्वाचा फोन आला आणि ते मंचामागे गेले. पटांगणात कोणी एक शब्द बोलेना. घोषणा नाही, हसणे नाही, खाकरणेही नाही. ऐसी शांतता साहेबांनी जन्मभर मागितली होती, आणि आता ती मिळाली तर त्यांस कपाळी घाम आला.

तेव्हा तनुजा म्हणाली, "कुणी घेत नाही, तर मी घेते. आम्ही रोजच घेतो." आणि तिने पेला तोंडाशी नेला. ती नाटक करीत नव्हती, ती खरेच पिणार होती. आणि तोच धुंडिराजसाहेब खुर्चीवरून उठले, अंगावरची शाल खाली पडली, हार ध्वनिक्षेपकात अडकला, आणि त्यांनी तिचे मनगट घट्ट धरिले आणि ओरडले, "अगं, नको पिऊस!"

ते शब्द कर्ण्यांतून पटांगणात गेले, वसतिगृहाच्या भिंतीस लागले आणि परत आले. पेला पडला. साहेब तसेच उभे राहिले, मुलीचे मनगट हातात, आणि आपण काय बोललो हे त्यांस हळूहळू कळू लागले. मग त्यांनी हात सोडिला. भाऊसाहेब राजकारणात मुरलेले, त्यांनी क्षणात हिशेब केला आणि उठून म्हणाले, "टाकी आत्ता धुवायची. मी इथेच बसतो." आणि मग सायंकाळपर्यंत ते वसतिगृहापुढे खुर्ची टाकून बसले. टाकीतून गाळ निघाला, कबुतरे निघाली, आणि निवडणुकीचा एक जुना फलकही निघाला, त्यावरील तसबीर भाऊसाहेबांचीच निघाली, ती त्यांनी उलटी करून ठेवविली.

दुसरे दिवशी तनुजेचा प्रश्न आला. तिजवरील हुकुमावरून नियम ऐसा ठरला होता की परवानगीवाचून, लेखी मजकूर न देता, टाकीच्या पाण्याविरुद्ध जाहीर बोलेल त्यास परीक्षाबंदी. तेव्हा राजोपाध्ये यांनी कागद चाळून खालच्या आवाजात सांगितले की, "सर, या नियमाने दोघे दोषी ठरतात. ती आणि आपण. आणि आपण तर कर्ण्यावरून बोललात, तेही शाल खाली पडल्यावर, म्हणजे ते सत्कारात धरता येत नाही." साहेबांनी तो कागद दोनदा वाचिला. मग म्हणाले, "तिला बसू द्या परीक्षेला." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारिले नसता म्हणाले, "माझी धाकटी तिच्याच वयाची आहे." हे वाक्य त्यांनी एक महिना आधी म्हटले असते तर बरे होते. निकिता बरी होऊन परतली, परंतु परीक्षा उलटून गेली होती. तिचे वर्ष गेले ते गेले. त्याबद्दल कोणी शाल दिली नाही, नारळ दिला नाही, आणि कोणी क्षमाही मागितली नाही.

नियम मात्र रद्द जाहले नाहीत. त्यांत भर पडली की यापुढे सत्कार समारंभी मंचावर पाणी ठेवू नये. मुक्तविचार कट्ट्याची साखळी अद्याप आहे आणि तिला आता गंज चढला आहे.

एवंच, थोडक्यात ऐसे. त्या राज्यात बोलावयास जागा होती, वेळ होती, मंजुरीची सोय होती, आणि इतके असूनही खरे भाषण एकदाच जाहले. तीन शब्दांचे. त्याचा मजकूर आधी दिला नव्हता आणि परवानगी कोणी मागितली नव्हती. ते करणाऱ्यावर कारवाई व्हावयाची अद्याप बाकी आहे.