गौराक्कांचं इंग्रजी

गौराक्का म्हशीशी इंग्रजीत बोलायच्या. मी स्वतः ऐकलंय. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला आमचा बोळ अरुंद, त्यात गिऱ्हाइकाच्या दारात धार काढायला आणलेली म्हैस आडवी उभी राहिली की माणसानं भिंतीला चिकटून जायचं. त्या दिवशी गौराक्का भाजीची पिशवी घेऊन तिच्यासमोर थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "एक्सक्यूज मी, प्लीज." मालकानं दोरी ओढली, म्हैस बाजूला झाली. माझ्याकडे वळून अक्का म्हणाल्या, "बघा बाई, जनावराला कळतंय. आमच्या जावेला कळत न्हाय."

जावेचं प्रकरण पुढे सांगते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शाहूवाडीकडची. कोल्हापुरात एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि गौराक्कांच्या शेजारची खोली भाड्यानं मिळाली. अक्कांनी तेव्हा साठी ओलांडली होती. माहेर कुरुंदवाडचं, घरात कानडी, दारात मराठी, शिक्षण चौथीपर्यंत. कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारख्या त्याही 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या. मी इंग्रजीची बाई आहे हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या परसातल्या भिंतीपाशी आल्या.

"बाई, दूध उतू गेलं, ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"द मिल्क बॉइल्ड ओव्हर."

त्यांनी तीनदा घोकलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मी धावत गेले तर अक्का शेगडीसमोर हाताची घडी घालून उभ्या, भांड्यातलं दूध शेगडीवर ओघळतंय, आणि तोंडानं चाललंय, "द मिल्क बॉइल्ड ओव्हर."

"अहो अक्का, दूध वाया गेलं की सगळं."

"वाया कसलं? वाक्य बसलं की."

ही त्यांची पद्धत. आधी घडायला हवं, मग बोलायचं. मी त्यांना पाचवीचं पुस्तक दिलं होतं, ते दोन दिवसांत परत आलं. "ह्यात सिंव्ह हाय, जिराफ हाय. आमच्या घरात कुठला सिंव्ह?" व्याकरणाचं नाव काढलं की त्या शेगडीवरचं काहीतरी बघायला निघून जायच्या. त्यांना फक्त घरातली वाक्यं हवी असत. नळाला पाणी आलं नाही. लोणचं अजून मुरलं नाही. मांजरानं सायीला तोंड लावलं. मुरण्याला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात ते मलाही सांगता येईना, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या पदवीची मलाच शंका आली. वाक्यं त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मराठी अक्षरांत लिहून ठेवायच्या.

तर ते जावेचं प्रकरण. पाहुण्याला 'संकोच करू नका' म्हणायला मी अक्कांना 'मेक युवरसेल्फ अ‍ॅट होम' शिकवलं होतं. जाऊबाई आल्या, पाटावर टेकल्या, आणि अक्कांनी लगेच ते वाक्य म्हटलं. जाऊबाईंना त्यातलं 'होम' तेवढं कळलं. "घरी जा म्हणतीस व्हय मला?" असं म्हणून त्या उठल्या, त्या महिनाभर फिरकल्याच नाहीत. अक्कांना वाईट वाटलं. पण संध्याकाळी भिंतीपाशी येऊन त्यांनी मला 'माझी जाऊ रुसली' याचं इंग्रजी मात्र विचारलं.

बोळात तर्क चालत. कुणी म्हणे लेकीकडे परदेशात जाणार, पण लेक तर इचलकरंजीत. कुणी म्हणे म्हातारपणी चळ लागला. मी एकदा सरळ विचारलं. अक्का म्हणाल्या, "लागतंय की," आणि विषय बदलला.

त्यांचे यजमान, अण्णा, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. त्यांची वाचाच गेली, असं मी धरून चालले होते, कारण बाहेर कधी आवाज आला नव्हता.

एका रविवारी अक्कांना औषधं आणायला जायचं होतं. "जरा बसता का बाई ह्यांच्याजवळ?" म्हणाल्या. मी बसले. थोड्या वेळानं अण्णांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जड पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "काइंडली डू द नीडफुल."

मी दचकले. पाणी पाजलं. "थँकिंग यू इन अ‍ॅन्टिसिपेशन," ते म्हणाले.

अक्का परतल्या तेव्हा माझा चेहरा बघूनच त्यांना समजलं. पिशवी ठेवून त्या उंबऱ्यावर बसल्या.

"कानडी बी गेली बाई, मराठी बी गेली. ऐकल्यालं समदं कळतंय, पर बोलाय गेलं की एवढंच येतंय. तीस वरसं उद्यमनगरात कारखान्याची इंग्रजी पत्रं टाइप केली, ती तेवढी तोंडात ऱ्हायली. सुरवातीला गावाकडनं बघाय आल्याली माणसं हसायची. मग हे रडायचे. म्हणून कुणाला आत सोडत न्हाय."

"पण त्यांना कळतं ना? मग तुम्ही कानडीतच बोला की. तुम्हाला इंग्रजी कशाला?"

"बोलतो की. पर आमी समदी हिकडं, आन् ते एकटेच तिकडं. एकट्यानं किती बोलायचं परक्या भाषेत? म्हटलं, कुणीतरी तिकडं जाया पायजे."

मग माझ्यादेखतच त्यांनी अण्णांच्या उशाशी बसून दिवसाची खबर दिली. कॅलेंडरचं पान हातात होतं. "टुडे नो वॉटर इन द टॅप. माय सिस्टर-इन-लॉ इज स्टिल अँग्री."

अण्णांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. "वुई रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स," ते म्हणाले. अक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यानंतर मी अक्कांच्या चुका काढणं सोडून दिलं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका दुपारी त्या भिंतीपाशी आल्या. हातात वाळलेली चादर होती, ती घडी करत म्हणाल्या, "बाई, 'युवर्स फेथफुली' म्हंजे काय? मी पांघरूण घातलं की रोज म्हणत्यात. मला वाटलं, पुरे म्हणत असतील."

"पत्राच्या शेवटी लिहितात, अक्का. सहीच्या वर. 'आपला विश्वासू'." आणि माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना, "पद्धतच असते तशी, सगळ्यांनाच लिहितात," असंही मी बोलून गेले.

अक्कांचे हात थांबले.

"व्हय. समद्यांस्नी लिवलं त्यांनी. मुंबईला, मद्रासला. मला तेवढं कधी एक पत्र आलं न्हाय." त्यांनी चादरीची घडी पुरी केली. "मग ह्याला उत्तर काय द्यायचं?"

"इंग्रजीत याला उत्तर नसतं, अक्का."

"नसू दे. मी कानडीत देतो."

त्या आत गेल्या. आतल्या खोलीची परसाकडची खिडकी उघडी होती. त्यांनी ती चादर अण्णांच्या छातीपर्यंत ओढली, आणि कानाशी वाकून बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मला कानडी येत नाही. दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीसारख्या भिंतीपाशी आल्या, तेव्हा विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.