वळवून ठेवलेली कॅरॅव्हॅन

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या ओट्यावर बसलेल्या वॉल्टरलाही पटत नव्हती, तरी चहा संपल्यावर तो उठला मात्र नाही.

माझा पुतण्या एरॉल तेव्हा ऑस्ट्रेलियात नोकरीला. त्याच्या मुलीचा, प्रिस्काचा, बाप्तिस्मा ठरला आणि धर्मबाप म्हणून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातांवर धरायला, मला बोलावणं आलं. चर्च वाळवंटाच्या पार पलीकडे. फादर तिथे दोन महिन्यांतून एकदा येणार आणि सूर्य मावळला की चालू पडणार. उशीर झाला तर पोरगी दोन महिने तशीच!

सकाळीच कॅरॅव्हॅन काढली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचा वन रूम किचन, पुढे स्टिअरिंग. रस्ता पट्टीने आखलेला. दोन्ही बाजूंना आपली मिठागरं कुणी लाल रंगात बुडवून वाळत घातल्यासारखी जमीन. झाड नाही, वळण नाही, पाटी नाही.

दुपारी थांबून जेवलो. एरॉल आणि त्याची बायको फ्लॉसी बाळाला घेऊन जरा आडवे झाले. मी काही रिकामा बसणारा माणूस नाही. आमच्या गावच्या, उमेळ्याच्या गल्ल्यांत जन्मभर केळ्यांचा टेम्पो चालवलेला. तिथला नियम एकच: गाडी थांबली की आधी वळवून ठेवायची, तोंड परतीच्या दिशेला. नाहीतर समोरून दुसरा टेम्पो घुसला की संध्याकाळपर्यंत बसा शिव्या खात. हात आपोआप फिरले. कॅरॅव्हॅन वळवून ठेवली आणि समाधानाने मीही लवंडलो.

एरॉल उठला, डोळे चोळत स्टिअरिंगवर बसला, निघाला.

बऱ्याच वेळाने फ्लॉसी म्हणाली, "काका, सकाळी ऊन पाठीवर होतं. आता दुपार टळली, तरी पाठीवरच कसं?"

"अगं, हा देश पृथ्वीच्या खालच्या अंगाला. इथे सूर्यसुद्धा उलटाच जायचा."

तिला पटलं. बोलून झाल्यावर मलाही पटलं.

मग पेट्रोलपंप लागला. सकाळसारखाच पंप, तसाच दाढीवाला मालक, तसाच तीन पायांचा कुत्रा.

"इथले पंप सगळे एकाच साच्यातले दिसतात," एरॉल म्हणाला.

"एकाच कंपनीचे असतील," मी म्हटलं.

"कुत्रासुद्धा?"

तेवढ्यात मालकाने खिडकीतून बाळाची टोपी आत दिली. सकाळी तिथे राहिलेली.

एरॉल सावकाश मागे वळला. "काका, तुम्ही गाडी वळवलीत?"

"वळवून ठेवली. निघताना तुला त्रास नको म्हणून."

फ्लॉसीने रडायला सुरुवात केली. मी एरॉलला बाजूला सारलं आणि पश्चिमेकडे अशी गाडी सोडली, अशी सोडली, की शर्यतीला आलेले कांगारू धापा टाकत रस्त्याकडेला बसले आणि मावळलेला सूर्य पुन्हा हातभर वर आला. बॅग भरून निघालेल्या फादरांनी ऊन पाहून बॅग परत उघडली. मी प्रिस्काला हातांवर घेतलं, आणि...

"आणि काही नाही." आमची उर्सुला ओले हात पदराला पुसत दारात आली. "वॉल्टर, प्रिस्काचा बाप्तिस्मा इथे आपल्याच चर्चमध्ये झाला. हे टेम्पो घेऊन गोखिवऱ्याला पाव आणायला गेले, ते सातिवलीच्या गोदामांत रस्ता चुकले. पोरीला शेवटी एरॉलच्या सासऱ्याने धरलं. हे पाव घेऊन उगवले, तेव्हा पाहुणे हात धुऊन बडीशेप चघळत होते."