शिओमुऱ्याचे प्रकल्पग्रस्त

शिओमुरा हे गाव एका दुपारी, जेवणाची ताटं उचलायच्या आत, उठवण्यात आलं. गावात मिठागरं होती, एक देऊळ होतं आणि म्हाताऱ्यांना बसायला पार होता. कंपनीने आकाशात पाटी झळकवली की इथे नवं शहर होणार, आणि घरं एकेक करून पुसली जाऊ लागली. पनवेलला, खांदा कॉलनीच्या मागच्या गावात टीव्हीसमोर बसलेले बळीरामतात्या हे पाहून हातातला घास विसरले.

खुलासा केलेला बरा. शिओमुरा कुठल्याही तालुक्यात नाही. ते एका ऑनलाइन गेममधलं गाव आहे, आणि तो गेमही खरा नाही. तो एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेत आहे. ही मालिका तात्यांची सून कोमल रोज दुपारी हिंदीतून बघते. म्हणजे हे गाव एकदा नव्हे, दोनदा अस्तित्वात नाही. मालिकेला रुपेरी केसांचा, तलवारवाला नायक आहे. त्याचं उत्तम चाललं होतं, तेव्हा तात्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"या गाववाल्यांना नोटीस दिली का?" तात्यांनी विचारलं.

"बाबा, ते खेळाडू नाहीत. गेममध्येच बनवलेली माणसं आहेत. कोणीही समोर आलं की तेच तेच एक वाक्य बोलतात."

"आमी पन इतकी वर्सं तेच एक वाक्य बोलतोय. आमी मानसं नाय काय?"

कोमलने टीव्हीचा आवाज कमी केला. तात्या गावच्या संघर्ष समितीचे अध्यक्ष होते. समितीत आता ते, एक फलक आणि काही प्लास्टिकच्या खुर्च्या एवढेच उरले होते. शहरासाठी गावाची जमीन गेली, त्याबदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळेल असं सरकारने सांगितलं. जमीन लगेच गेली. भूखंड यायचा आहे. तात्यांचं राहतं घरही कागदोपत्री गेलेल्या जमिनीवर उभं होतं, म्हणून ते अतिक्रमण ठरलं होतं. मुलगा प्रितम द्रोणागिरीच्या गोदामात राबत होता. भूखंड मिळाला की पोराला हक्काचं घर बांधून द्यायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढीच तात्यांची इच्छा होती. तिच्यासाठी त्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

पण आपलं दुखणं कळतं त्याला दुसऱ्याचंही कळतं. तात्यांनी शिओमुरा ग्रामस्थांच्या वतीने पुनर्वसन कचेरीत अर्ज केला. 'सदर प्रकल्पग्रस्तांना शासनाने तातडीने भूखंडाचा ताबा द्यावा,' असं त्यात ठणकावून लिहिलं. सातबाऱ्याच्या जागी कोमलने टीव्हीवरून काढलेला गावाचा रंगीत नकाशा जोडला.

कचेरीतले विनायकराव अर्ज नाकारण्यात मुरलेले होते. पण नाकारायला नियम लागतो, आणि गाव अस्तित्वात असलं पाहिजे असा नियम कुठेच सापडेना. गाव जपानी, तेव्हा पाहुणचाराचाही प्रश्न होता.

"नकाशा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "नाहीतर तुमचा सातबारा. त्यावर चहाचे डाग आहेत."

"तो चा तुमीच सांडला होता, साहेब."

"म्हणूनच खात्रीने सांगतोय."

स्थळपाहणीसाठी पथक नेमलं गेलं. पथकाने मालिकेचे सगळे भाग पाहिले, कचेरीच्या वेळेत आणि प्रवासभत्त्यासह. काही भाग पुन्हा पाहावे लागले, कारण एक सदस्य लढाईच्या वेळी डुलकी काढत होता. अहवाल मात्र चोख आला. ग्रामस्थ एकच वाक्य बोलत असल्याने जबाबात विसंगती आढळत नाही. मयत व्यक्ती थोड्या वेळाने पुन्हा हजर होतात, सबब वारस दाखल्याची आवश्यकता नाही. भाऊबंदकी निरंक. मोर्चा, उपोषण, रास्ता रोको निरंक. असे आदर्श प्रकल्पग्रस्त खात्याच्या इतिहासात प्रथमच लाभत आहेत, असा शेरा वरिष्ठांनी मारला आणि फाईल सुसाट सुटली.

भूखंडवाटपाचा सोहळा वातानुकूलित सभागृहात झाला. लाभार्थी येऊ शकणार नव्हते, त्यामुळे गर्दीचं नियोजन सोपं गेलं. एका मान्यवरांनी शिओमुऱ्याच्या मिठाला आपण जागू, असं जाहीर केलं. तात्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि ग्रामस्थांच्या वतीने ताबापत्र हातात आलं. ते मनापासून खूश होते. कोनाचं तरी झालं, असं ते शेजारच्या खुर्चीला सांगत होते. खुर्ची रिकामी होती, पण तात्यांना त्याची सवय होती.

समारंभ संपल्यावर त्यांनी विनायकरावांना गाठलं. "साहेब, आता माजी फाईल?"

"तात्या, तुमच्या फायलीत अडचण एकच आहे. तुम्ही आहात." विनायकरावांचा आवाज खरोखर मऊ झाला. "तुम्ही आहात म्हणून तुमचे भाऊबंद आहेत. मोठ्या बहिणीची सही नाही. चुलतभाऊ वारले, ते काही परत आले नाहीत. असणाऱ्या माणसांचं काम फार किचकट असतं हो."

"मंग आमी नसतो तं मिलाला असता?"

"नियमात बसला असता."

तात्यांनी हातातला ताबापत्राचा कागद उलगडला. भूखंडाच्या चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस नाला, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस चिंचेचं झाड. ते झाड त्यांच्या आजोबांनी लावलं होतं. भूखंड म्हणजे त्यांचंच घर होतं.

"मोकळी जागा दुसरी नव्हतीच," विनायकराव म्हणाले. "कागदावर ही मोकळीच आहे. हरकत घ्यायची तर घ्या, पण तातडीने ताबा द्या ही मागणी तुमचीच आहे. खाली सही बघा."

तात्या तिथेच, शाल पांघरून, ढसाढसा रडले. त्यांनी ते लपवलं नाही. पुढल्या सोमवारी जेसीबी आला. प्रितम आडवा पडला, तेव्हा त्याला समजावण्यात आलं की तो खऱ्या प्रकल्पग्रस्तांच्या आड येतो आहे. तात्यांचं बिऱ्हाड एका भाड्याच्या खोलीत गेलं. टीव्ही ठेवायला तिथे जागा नव्हती.

लाभार्थी राहायला येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांचे हक्क रीतसर एका बिल्डरकडे गेले. शिओमुऱ्याच्या एकाही ग्रामस्थाने भाव वाढवून मागितला नाही. तिथे आता उंच टॉवर उभा आहे, दिवाणखान्यात भरपूर उजेड येतो. तात्या सकाळी गेटसमोर येऊन बसतात. कोणी विचारलं तर, "हितं आमचं घर हाय," एवढंच म्हणतात. दुसरं काही बोलत नाहीत.

बाकी सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. मालिकेचा तो भाग तुम्हीही त्याच दिवाणखान्यात सोफ्यावर बसून पाहिलात, आणि शिओमुऱ्यातली घरं पुसली जाताना तुमचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'गेटवर बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याला कुणीतरी उठवा.' त्याखाली पहिला अंगठा तुमचा आहे.