नेहमीच्या चालीने

सासूबाईंना पास करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. परीक्षा ती कसली? खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांत! अहो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या दिवसातून दोनदा तीन जिने चढतात!

पण नवऱ्याच्या डोक्यात भरलं होतं, आईची ताकद एकदा मोजून घ्यायची. नापास झाली, तर तिच्या घराला कुलूप आणि तिचा मुक्काम कायमचा आमच्याकडे. हे कळल्यापासून सासूबाईंच्या घशाखाली घास उतरेना. खरं सांगू? माझ्याही. त्यांचं घर त्यांचं राहावं आणि माझं माझं, एवढंच माझं मागणं!

दवाखान्यात फिजिओबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. "आजी, घाई नको. नेहमीच्या चालीने चाला."

सासूबाई उठल्या. दोन पावलांवर कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं होतं, ते लावलं. पुढे भिंतीवर हाडांचा तक्ता तिरका होता, तो सरळ केला. वळताना कुणाचंसं पेन उचललं आणि मालकाची चौकशी केली.

"एकोणचाळीस सेकंद," फिजिओबाई म्हणाल्या.

माझं टाळकंच सरकलं. "अहो, त्या आवरत होत्या!"

"फॉर्ममध्ये आवरण्याचा रकाना नाही."

"नेहमीसारखं चाला म्हणालात," सासूबाई कडाडल्या, "मी नेहमीसारखीच चालले!"

शेवटी ठरलं, दुसरी मोजणी त्यांच्या घरी. ओळखीच्या जागी माणूस बरा चालतो म्हणे.

मी आदल्या दिवशीच जाऊन रस्ता साफ केला. पायपुसणं, स्टूल, वर्तमानपत्रं, सगळं हलवलं. पडद्यांची टोकंसुद्धा जुळवली! वर तंबी दिली, "आई, जग बुडालं तरी वाटेत कशालाही हात लावायचा नाही!"

"नाही लावत गं, शप्पथ!"

फिजिओबाई आल्या. तीन मीटर मोजून त्यांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. नवरा दाराशी हाताची घडी घालून उभा, जणू परीक्षा मंडळाचा अध्यक्ष!

"सुरू!"

सासूबाई बाणासारख्या सुटल्या. चार सेकंदांत पट्टीपाशी! मी मनातल्या मनात टाळ्या पिटणार, तोच त्या थांबल्या.

"आजी, वळा."

"माझ्या फरशीवर हे कुणी चिकटवलं?"

"आई, हात नाही!" मी किंचाळले.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी हात पाठीमागे बांधले, डावा पाय रोवला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने पट्टी खरवडायला लागल्या. करकोच्याने त्यांच्याकडे शिकवणी लावावी अशा! पट्टी निघेना, त्या हटेनात.

"गोंद राहतो गं बाई, मग काळा डाग पडतो!"

"झालं! नापास," नवरा म्हणाला. "आई, बॅग भरायला घे."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. पाय मात्र तसाच अधांतरी. मी उसळले, "बॅग? आधी स्वतः उभे राहा एका पायावर!"

त्याने ऐटीत पाय उचलला. दुसऱ्या सेकंदाला दाराला मिठी!

फिजिओबाईंनी पान उलटलं. "एका पायावरच्या तोलाला मात्र मार्क आहेत. दहा सेकंद पुष्कळ झाले. आजी बेचाळीस सेकंद उभ्या आहेत!" घरातल्या चालीसमोर त्यांनी 'मध्येच साफसफाई' असा शेरा मारला आणि खाली लिहिलं, 'एकटं राहायला हरकत नाही.'

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला, माझा हात घट्ट धरला. "माझ्या घरासाठी किती भांडलीस गं! पोटची लेकही भांडली नसती." मला भरूनच आलं. "आता मी धडधाकट आहे, हे लेखी आलंय. उद्यापासून रोज सकाळी तुझ्याकडे येते. तुझं स्वयंपाकघर मला कधीपासून खुपतंय!"

आज नववा दिवस. साडेआठच्या ठोक्याला बेल वाजते. मघाशी बाथरूममध्ये नळ सोडून, हळू आवाजात मी फिजिओबाईंना फोन लावला.

"बाई, निकाल फेरतपासणीला देता येतो का हो?"