तडितच्या मरणाला हरकत

मुरलीधर सबनीसांनी लिहिलेला मसुदा बावीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारायच्या आत सांगत. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते असिस्टंट होते. मंत्री बदलले, सरकारं बदलली, बाजार खुला झाला, कोपऱ्याकोपऱ्यावर परदेशी कोल्ड्रिंक दिसायला लागलं, पण सबनीसांचा कागद वर गेला की साहेब सही करून मोकळे. अलीकडे तर वाचतही नसत. मुरलीधरराव याला विश्वास म्हणत. त्यांची पत्नी विनया याला आळस म्हणे.

पंचाण्णव साली सबनीस मंडळी सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारला सोसायटीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घर झालं म्हणून पेढे वाटले आणि आनंद तिथेच संपला. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेना. वीज दिवसातून तीनदा जाई. ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस यमुनेच्या पुलावर अशी अडके की उतरून चालत जावंसं वाटे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलगा बोलायचा थांबला.

सुधन्वा तेरा वर्षांचा. सरोजिनी नगरात त्याला मैदान होतं, मित्र होते, भांडायला शेजारची पोरं होती. इथे अर्धवट इमारती, वाळूचे ढीग आणि गेटवरचा चौकीदार. शाळेतून आला की तो गॅलरीत बसून राही.

"काय झालं रे?" मुरलीधरराव विचारत.

"कुछ नहीं."

"मराठीत सांग."

"काही नाही."

भाषा बदलली तरी उत्तर तेच. मुरलीधररावांना फार वाईट वाटे. बाप म्हणून काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, आणि या विषयावर सरकारचं एकही परिपत्रक नव्हतं.

बोलणं होई ते फक्त रविवारी सकाळी, आणि तेही तडितबद्दल. तडित हा दर्यागंजमधून निघणाऱ्या एका हिंदी कॉमिकचा नायक. आसपासच्या तारांमधली वीज अंगात ओढून घ्यायची आणि तळहातातून दुष्टांवर सोडायची, हा त्याचा धंदा. वरच्या मजल्यावर राघव नावाचा एक सव्वीस वर्षांचा इंजिनियर राहत असे. पुण्याहून नोएडाच्या कंपनीत आलेला, एकटा, आणि तडितचा पक्का भक्त. तो नवा अंक घेऊन खाली येई, विनया पोहे करी, आणि तिघंजण वाद घालत.

"अठ्ठावन्नाव्या अंकात तो जंगलात लढला," राघव म्हणाला. "जंगलात तारा कुठून आल्या? लेखक आळशी आहे, दुसरं काही नाही."

"बिल्कुल नाही," सुधन्वा म्हणाला. "तो करंट साठवतो. इन्व्हर्टरसारखा. मी हिशेब ठेवलाय."

खरंच ठेवला होता. शंभर पानी वहीत अंक, पान, चित्र, किती ठोसे मारले, किती टक्के करंट उरला. आठवडाभर तोंड न उघडणारा हा पोरगा त्या वहीवर पंधरा मिनिटं सलग बोले, आणि मुरलीधरराव त्याच्याकडे नुसते बघत राहत.

"एकसष्टाव्यात तो समुद्रात उतरला, त्याचं काय?" राघव विचारी.

"नियम पाहिजे," मुरलीधरराव ठामपणे सांगत. "शक्ती असू दे, पण तिला नियम पाहिजे. अपवाद केला असेल तर त्याचा आदेश दाखवा."

सगळं झकास चाललं होतं. मग त्रेसष्टावा अंक आला. शेवटच्या पानावर तडित कड्यावर उभा, मागे काळाकुट्ट धूर, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत, "अगले अंक में: तडित का अंत".

सुधन्वाने ते वाचलं, वही मिटली आणि पोहे तसेच ठेवून गॅलरीत गेला. दुपारी जेवला नाही. संध्याकाळीही "भूक नाही" एवढंच.

मुरलीधररावांना राहवेना. ते गॅलरीत गेले आणि म्हणाले, "तडित मरणार नाही. मी लिहितो त्यांना."

सुधन्वाने मान वर केली. "प्रॉमिस?"

"माझा मसुदा आजवर परत आलेला नाही."

"तुम्ही सोसायटीला पाण्याबद्दल लिहिलंत," विनया आतून म्हणाली, "तेव्हापासून यायचं तेही येत नाही."

पण बोलून बसले होते. चार दिवस मुरलीधरराव पत्र लिहायला बसत आणि "प्रिय संपादक जी" पाशीच अडकत. प्रिय? संपादक त्यांना प्रिय का असावा? "मैं आपका पाठक हूँ", मग पुढे काय? बावीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनातलं एक वाक्य कागदावर उतरवलं नव्हतं. हात वळेना. शेवटी शुक्रवारी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी जे येत होतं त्यातच लिहायचं ठरवलं, आणि दहा मिनिटांत झरझर लिहून काढलं.

"विषय: तडित की प्रस्तावित मृत्यु. उपर्युक्त विषय पर मुझे यह कहने का निदेश हुआ है कि प्रस्तावित मृत्यु से सहमत होना संभव नहीं है. अंक ५८ तथा ६१ में नायक की शक्ति के संबंध में पाई गई विसंगतियों का स्पष्टीकरण पंद्रह दिन में भेजें."

निदेश कोणाचा, असा प्रश्न त्यांना पडला नाही. सुधन्वाचा, दुसऱ्या कोणाचा? सरकारी कागद घरच्या कामाला वापरायचा नाही म्हणून त्यांनी घरून कोरा कागद आणला होता, पाकीट आणलं होतं, तिकीटही स्वतःचं. इतका चोख माणूस. सही चहा पिऊन आल्यावर करू, असं म्हणून त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि कॅन्टीनला गेले.

ठेवला तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात. बावीस वर्षं तयार मसुदे ते तिथेच ठेवत आले होते.

परत आले तर कोपरा रिकामा. टायपिस्टने नेहमीप्रमाणे मसुदा उचलला होता, मंत्रालयाच्या कागदावर टाइप केला होता, खाली साहेबांचा हुद्दा टाकला होता. शुक्रवारची संध्याकाळ जवळ आलेली, चाळीस कागदांचा गठ्ठा, त्यात हा एक. सबनीसांचा मसुदा म्हटल्यावर साहेबांनी डोळे मिटून सही ठोकली होती.

मुरलीधरराव धावत डिस्पॅचच्या खिडकीवर गेले. तिथे त्यागीजी पान लावत बसले होते.

"वो दर्यागंज वाला पत्र?"

"निकल गया, सबनीस जी," त्यागीजी अभिमानाने म्हणाले. "अर्जेंट लगा, तो बाय हैंड भेज दिया. डायरी नंबर भी डाल दिया है."

शनिवार-रविवार मुरलीधररावांना अन्न गेलं नाही. सुधन्वा अजून धड जेवत नव्हताच; आता घरात दोघं न जेवणारे झाले, आणि विनयाने सरळ एकाच माणसाचा स्वयंपाक करायला सुरुवात केली.

सोमवारी अर्धी रजा टाकून ते दर्यागंजला पोचले. सगळं खरं सांगायचं, माफी मागायची आणि पत्र परत आणायचं, एवढाच बेत होता. प्रकाशनाचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, छताला टेकलेले अंकांचे गठ्ठे आणि मधोमध मालक जुनेजा. मुरलीधररावांनी मंत्रालयाचं नाव घेताच जुनेजा उभाच राहिला. कोल्ड्रिंक आलं, समोसे आले, पंख्याचं तोंड वळवलं गेलं.

"जी, हमसे क्या ग़लती हो गई?" जुनेजाने हात जोडले.

"कोई ग़लती नहीं. वो पत्र असल में मेरे बेटे के लिए था."

"अच्छा, बेटे के लिए." जुनेजाचा जीव भांड्यात पडला. त्याने आत बघून हाक मारली आणि पहिल्या अंकापासून त्रेसष्टाव्यापर्यंतचा सगळा संच दोरीने बांधून टेबलावर आला. "बेटे को हमारा प्यार दीजिएगा."

मुरलीधरराव खुर्चीतून उठलेच. आयुष्यात कोणाची दिवाळीची मिठाई त्यांनी घरात घेतली नव्हती. "मैं ये नहीं ले सकता."

"कम है जी?"

"मैं कुछ भी नहीं लेता."

जुनेजाचा चेहरा पडला. दिल्लीत चाळीस वर्षं काढलेला माणूस तो. घेणाऱ्या अधिकाऱ्याला कसं सांभाळायचं ते त्याला येत होतं. न घेणारा अधिकारी म्हणजे थेट कुलूप लावायलाच आलेला, हे तो बापाकडून शिकला होता.

"देखिए, आप तडित को बस चलने दीजिए," मुरलीधरराव काकुळतीला आले. "वो पत्र भूल जाइए."

"भूल गए जी," जुनेजा म्हणाला, आणि मुरलीधरराव जितक्या वेळा "घबराइए मत" म्हणाले तितका तो जास्त घाबरला.

आठ दिवसांनी मंत्रालयात जुनेजाचं पत्र आलं. सरकारच्या भावनेचा आदर करून तडितचं प्रकाशन तत्काळ थांबवण्यात येत आहे. नायकाला मारायचं की जिवंत ठेवायचं, याबाबत मंत्रालयाने कृपया मार्गदर्शन करावं. तसंही केबल आल्यापासून मुलं वाचत नाहीत, असं शेवटी हाताने लिहिलं होतं. त्यागीजींनी पत्राला नंबर दिला, नवी फाइल उघडली, वर "तडित" असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि ती मुरलीधररावांच्याच टेबलावर आणून ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या रविवारी राघव रिकाम्या हाताने खाली आला.

"संपलं," तो म्हणाला. "स्टॉलवाला म्हणाला, सरकारने बंद पाडलं. विचार कर यार सुधन्वा, असा कोण मूर्ख बसला असेल तिथे?"

मुरलीधरराव पोह्यांतले दाणे वेचत राहिले. विनयाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिने राघवला आणखी पोहे वाढले, त्यांना वाढले नाहीत.

सोमवारी मुरलीधररावांनी हिंमत केली. फाइलवर सगळं सविस्तर लिहिलं. पत्र खाजगी होतं, नजरचुकीने गेलं, चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची, प्रकाशकास तसं कळवावं. आयुष्यातलं हे पहिलंच खरं टिपण. मेमो मिळेल, बढती जाईल, जाऊ दे. पोराला शब्द दिला होता.

बुधवारी फाइल खाली आली. समासात साहेबांचे दोनच शब्द होते, "चर्चा करें". मुरलीधर सबनीसांचा मसुदा बावीस वर्षांत पहिल्यांदा परत आला होता.

ते आत गेले. साहेबांनी दार लावायला सांगितलं.

"सबनीस, पहले पत्र पर साइन किसका है?"

"आपका, सर."

"तो हम लिखकर दें कि हम बिना पढ़े साइन करते हैं?"

साहेबांनी ते टिपण काढून खिशात घातलं आणि फाइल त्यांच्याकडे सरकवली. "विचाराधीन रखिए."

त्या संध्याकाळी वीज गेलेली होती. मुरलीधररावांनी गॅलरीत बसून सुधन्वाला सगळं सांगितलं. डावा कोपरा, त्यागीजी, समोसे, चर्चा करें. काही लपवलं नाही. सांगताना त्यांना वाटलं, कुठेतरी पोरगा हसेल.

तो हसला नाही. म्हणाला, "त्याच्याकडे चारच टक्के करंट उरला होता, बाबा. मरणारच होता तो. हिशेब बरोबर होता."

"मग तू जेवला का नाहीस त्या दिवशी?"

"वाईट वाटलं म्हणून. पण कसा मरतो ते मला वाचायचं होतं. आता तो मेला पण नाही आणि वाचला पण नाही. वो वहीं खड़ा है."

मुरलीधरराव उठून आत गेले आणि अंधारातच हात धुऊन बसले. जेवण तासभराने होतं.

पुढच्या रविवारी राघव आलाच नाही. त्याने केबलचं कनेक्शन घेतलं होतं. पोहे झाले, दोघंच बसले. मुरलीधररावांनी आजचं हवामान, शाळा, गणिताचे सर असे तीन विषय काढून बघितले. तिन्हींना "काही नाही" मिळालं. मग सुधन्वानेच बशी सरकवत विचारलं, "फाइल कुठवर आली?"

"माझ्याच टेबलावर. विचाराधीन."

"पुढे काही झालं?"

"नाही अजून."

"वरती कोणाकडे जाते मग ती? त्यांच्या पण वर कोण असतं?"

मुरलीधररावांनी सांगितलं. अवर सचिव, उपसचिव, संयुक्त सचिव, कोणाला किती अधिकार, कोण कोणाचा आदेश फिरवू शकतो. सुधन्वाने आतून वही आणली. मागच्या कोऱ्या पानावर त्याने नावं लिहिली, बाण काढले आणि विचारलं, "मग संयुक्त सचिवांना कोण रोखू शकतं?" पंधरा मिनिटं तो बोलत होता. विनया दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिने पोहे पुन्हा वाढले.

याला आता सात महिने झाले. दर रविवारी फाइल कुठवर आली ते विचारलं जातं, आणि वहीची अर्धी पानं भरली आहेत. गेल्या महिन्यात साहेबांची बदली ठरली. जाता जाता मन हलकं करावं म्हणून त्यांनी मुरलीधररावांना बोलावून म्हटलं, "वो तडित वाली फाइल निपटा दें? छाप लेने दो बेचारे को."

मुरलीधररावांनी घसा खाकरला. बाहेर त्यागीजी कोणाला तरी डायरी नंबर सांगत होते.

"सर," ते म्हणाले, "अभी विचाराधीन ही रहने दीजिए."

घरी हे त्यांनी सांगितलेलं नाही. तुमची मयूर विहारला कधी फेरी झालीच, तर तुम्हीही सांगू नका.